संगणकाचा तलाठी

कुणाकडे गेलं की माणूस आधी पाणी मागतो. हा लॅपटॉप मागतो, आणि तोही लिनक्सवाला. मेनू उघडून वरून खाली उतरत एका चित्रावर थांबतो. टिचकी. कर्सर दोनदा गरगरतो, पुढे काहीच नाही. “हा मयत,” तो समाधानाने म्हणतो. बंगळुरूच्या कोरमंगलातली मराठी मंडळी त्याला तलाठी म्हणतात. प्रत्येक कंपनीत असा एकजण असतोच, आणि तो रजेवर असला की इतरांची कामं लवकर उरकतात.

मयताचं कारण न विचारता मिळतं. मेनूतली प्रत्येक नोंद म्हणजे एक छोटी ‘डॉट डेस्कटॉप’ फाइल. तिच्यात ‘नेम’, ‘आयकॉन’ आणि ‘एक्झेक’, म्हणजे टिचकी मारल्यावर काय चालवायचं ते. तुम्ही कधीकाळी वाइन टाकून विंडोजचा एखादा खेळ बसवलेला असतो. (वाइन हे सॉफ्टवेअर आहे, हे माझ्या आईला दोनदा सांगावं लागलं.) पुढे वाइन काढलंत, तरी त्याने तुमच्या होम फोल्डरात केलेल्या नोंदीला पॅकेज मॅनेजर हात लावत नाही. माणूस गेला, रेशनकार्डावर नाव राहिलं.

नोंद तो लगेच उडवत नाही. एक्झेकची ओळ मोठ्याने वाचतो, त्या पत्त्यावर खरंच कुणी नाही ना, हे टर्मिनलमध्ये बघतो. रीतसर पंचनामा. सिस्टिमच्या फोल्डरातली फाइल तर खोडूच देत नाही. अपडेट आलं की ती परत उगवते. तिची प्रत होममध्ये घ्यायची आणि त्यात ‘नोडिस्प्ले इक्वल टू ट्रू’ लिहायचं. तोवर चहा गार.

एकदा मी वैतागून विचारलं, “फोरम मॉलचं नेक्सस झालं, तरी रिक्षावाल्याला तू फोरमच सांगतोस. ती नोंद तुटकी नाही?”

“नेम जुनं आहे, एक्झेक बरोबर आहे. रिक्षा पोचते ना?” मग त्याने नॅशनल गेम्स व्हिलेजचा दाखला दिला. १९९७ चे खेळाडू केव्हाच घरी गेले, पण पत्त्यावर माणसं राहतात, नोंद जिवंत.

परवा माझ्याच मेनूत पंचनामा चालू असताना गावाहून त्याच्या काकांचा फोन आला. स्पीकरवर. आबांना जाऊन बारा वर्षं झाली, सातबारावर अजून त्यांचंच नाव. वारस नोंदीसाठी तू येतोस कधी?

“काका,” तलाठी माझ्या स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला, “सिस्टिमची फाइल आहे ती. तिला असा घाईघाईने हात लावायचा नसतो.”