पॅकेजमीमांसा
अर्थात, एका संशयी प्रोग्रॅमिंग भाषेस ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रविष्ट करण्याविषयी सप्रमाण ऊहापोह

१. अनुबंध

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध हे चार अनुबंध सांगून टाकावेत, म्हणजे ज्याला उठून जायचे आहे तो वेळेवर जातो. विषय असा: आग्दा, इड्रिस यांसारख्या ‘डिपेंडंट टाइप’वाल्या भाषांचे डेबियनसारख्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेज बांधणे. प्रयोजन असे: वापरणाऱ्याने इन्स्टॉलची एक आज्ञा द्यावी आणि तिच्यामागे कोणाची किती झोप गेली हे त्याला जन्मात कळू नये. अधिकारी तो, ज्याला रिकामी ओळ आणि नुसते टिंब असलेली ओळ यांतला भेद जिव्हाळ्याचा वाटतो. संबंधाविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत प्रबंध त्यांत भर घालतो.

२. संशयी भाषेचे लक्षण

सामान्य भाषेत टाइप ढोबळ असतो: हा आकडा, हे अक्षर, ही यादी. स्वीडिश तर्कज्ञ पेर मार्टिन-लोफ यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या टाइप थिअरीत टाइपच्या पोटात मूल्यही मावते. नुसती ‘आकड्यांची यादी’ नव्हे, तर ‘पाच आकड्यांची यादी’ हा स्वतंत्र टाइप होतो. म लांबीच्या यादीला न लांबीची यादी जोडली की म + न लांबीचीच यादी निघाली पाहिजे. एक घटक जरी कमी भरला तरी टाइप-चेकर प्रोग्रॅमला दारातूनच परत पाठवतो. रिकाम्या यादीचा पहिला घटक मागणाऱ्याला चुकीचे उत्तर मिळते असे नाही. त्याला तो प्रश्नच विचारता येत नाही. विधान म्हणजे टाइप, आणि त्या टाइपचा प्रोग्रॅम म्हणजे त्या विधानाची सिद्धता, असा एकंदर कारभार.

या संशयाची खोली मोजण्यास एक उदाहरण पुरे. आग्दात बेरजेची व्याख्या डाव्या पदावर चालते. त्यामुळे ० + न = न हे व्याख्येतूनच फुकट मिळते. पण न + ० = न? पहिलीतले पोर जे बिनतक्रार मान्य करते ते आग्दा करत नाही. तिला गणितीय विगमनाने रीतसर सिद्धता लागते: आधी शून्यासाठी, मग प्रत्येक संख्येवरून तिच्या पुढच्या संख्येसाठी.

आग्दाचे आजचे रूप उल्फ नोरेल यांच्या २००७ च्या प्रबंधातून, गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठात उभे राहिले. तिचे नाव एका स्वीडिश गाण्यातल्या कोंबडीचे आहे. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठातील एडविन ब्रॅडी यांच्या इड्रिसचे नाव एका ब्रिटिश बालमालिकेतल्या गाणाऱ्या ड्रॅगनचे. ज्या मंडळींचा न + ० वर विश्वास बसत नाही त्यांचा या प्राण्यांवर बसतो, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

३. तीन सूक्ष्मे

डेबियनची स्थापना १९९३ ची. पॅकेज कसे असावे याचा तिचा धर्मग्रंथ भरगच्च आहे. त्यातील तीनच सूत्रे येथे भाष्यासह देतो.

सूत्र पहिले: तारखेआधी दोन स्पेस द्याव्यात. भाष्य: चेंजलॉगमधल्या (बदलांच्या वहीतल्या) प्रत्येक नोंदीच्या अखेरीस एक स्पेस, दोन हायफन, एक स्पेस, बांधणाऱ्याचे नाव, ई-मेल आणि मग बरोबर दोन स्पेस सोडून तारीख येते. एक का नको, असे विचारणाऱ्याने तीन का नकोत हेही विचारून पाहावे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘दोन’ आहे.

सूत्र दुसरे: काही नाही हे टिंबाने लिहावे. भाष्य: पॅकेजच्या सविस्तर वर्णनाची प्रत्येक ओळ स्पेसने सुरू होते. दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ हवी असेल, तर ती खरोखर रिकामी सोडता येत नाही. तशी सोडली की या पॅकेजविषयी सांगायचे सगळे संपले असा अर्थ होतो. म्हणून एक स्पेस आणि एक टिंब द्यावे. येथे काही नाही हे कळवण्यासाठीही काहीतरी लिहावे लागते, हा अनुभव सरकारी फॉर्म भरलेल्यांना नवा नाही.

सूत्र तिसरे: टिल्ड अभावाहूनही लहान. भाष्य: आवृत्त्यांची तुलना करताना ‘~’ हे चिन्ह मजकूर संपण्याच्याही आधी लागते. म्हणून २.७~आरसी१ ही चाचणी आवृत्ती २.७ च्या मागे राहते, एरवी तिला वरचा मान मिळाला असता. आग्दाच्या नैसर्गिक संख्यांत शून्याखाली कोणी राहत नाही. तिच्याच पॅकेजच्या क्रमांकात मात्र काही नसण्याच्याही खाली एक भाडेकरू आहे. याच्या दुसऱ्या टोकाला ‘इपॉक’ बसतो. क्रमांकाआधी आकडा आणि अपूर्णविराम (:) लावला की ती आवृत्ती मागच्या सगळ्यांहून मोठी ठरते. एकदा लावलेला इपॉक पुन्हा काढता येत नाही, कारण काढताच नवी आवृत्ती जुनीहून लहान दिसू लागते. अविचाराने केलेल्या नवसासारखा तो पिढ्यान्‌पिढ्या फेडावा लागतो.

असली सूक्ष्मे तपासायला ‘लिंटियन’ नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याच्या शेऱ्यांच्या प्रतवारीत ‘पेडँटिक’ नावाची एक अधिकृत प्रत आहे. प्रस्तुत प्रबंध तीतच मोडतो.

४. बांधणीगृहातील प्रसंग

पॅकेज बांधणारे यंत्र विरक्त असते. त्याला इंटरनेट नसते, नाव घेण्याजोगी होम डिरेक्टरी नसते आणि पुष्कळदा भाषाही नसते: लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) नुसता ‘सी’, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडे सारा अंधार. इकडे आग्दाच्या फायलींत जागोजागी ∀, →, ≡ पेरलेले. हास्केलमध्ये लिहिलेली ही भाषा आपल्या संदेशातला पहिलाच ∀ छापताना अडखळते आणि प्राण सोडते. म्हणजे ‘प्रत्येकासाठी’ या चिन्हावरच, प्रत्येकासाठी असलेली बांधणी थांबते. उपाय एका ओळीचा: ‘रूल्स’ फाईलमध्ये लोकेल ‘सी.यूटीएफ-८’ असल्याचे जाहीर करणे. मग आग्दाला काहीच वर्ज्य नाही. शून्याचे नाव देवनागरीत ‘शून्य’ ठेवले तरी तिची हरकत नसते.

दुसरा प्रसंग अधिक नाजूक. एखादी फाईल तपासून झाली की आग्दा तो निकाल एका वेगळ्या इंटरफेस फाईलमध्ये लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी तीच सिद्धता पुन्हा पडताळावी लागत नाही. पण सिस्टिमच्या डिरेक्टरीत बसवलेल्या लायब्ररीशेजारी लिहिण्याची साध्या वापरकर्त्याला परवानगी नसते. तेव्हा पॅकेज बांधणाऱ्याने अख्खी स्टँडर्ड लायब्ररी आपल्याकडेच तपासून निकालांसकट पाठवावी लागते. येथवर ठीक. पण आग्दाची आवृत्ती बदलली की ती जुने निकाल फेटाळते आणि पहिल्यापासून तपासू लागते. परक्याचे सोडाच, तिचा स्वतःच्या कालच्या शब्दावरही विश्वास नाही.

५. विरजणाचा प्रश्न

इड्रिसची दुसरी आवृत्ती इड्रिसमध्येच लिहिलेली आहे. ती बांधायला ती आधी हवी. दही लावायला दही लागते त्यातलाच प्रकार. म्हणून सोर्सबरोबर वाटीभर विरजण येते: इड्रिसच्या कंपायलरनेच पूर्वी काढून ठेवलेला स्कीम भाषेतला कोड. तो कोड शे स्कीम किंवा रॅकेटवर चालवून पहिला इड्रिस उठवायचा, मग त्याने स्वतःला बांधायचे. तेथेही एक काटा आहे. शे स्कीमच्या कमांडचे नाव कोठे ‘स्कीम’, कोठे ‘शे’, तर कोठे ‘शेस्कीम’. त्यामुळे ते बांधणाऱ्यानेच सांगावे लागते. टाइपची काटेकोर नाकेबंदी करणाऱ्या भाषेचा जन्म, शेजारच्या कमांडला या गावात काय म्हणतात यावर अडून राहतो.

शास्त्रार्थ पुढे आहे. यंत्राने लिहिलेला तो स्कीम कोड ‘सोर्स’ म्हणावा काय? मुक्त सॉफ्टवेअरच्या परिभाषेत सोर्स म्हणजे बदल करायचा झाला तर माणूस जे रूप पसंत करील ते. यंत्राने ओकलेल्या त्या ओळी वाचणे कोणी पसंत करील असे मानवी स्वभावाच्या आजवरच्या अभ्यासात आढळत नाही. त्यात केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले (ते १९८४ साली छापून आले) की, स्वतःलाच बांधणाऱ्या कंपायलरात लपवलेली खोड सोर्समध्ये कोठेही न दिसता पिढ्यान्‌पिढ्या चालू शकते. विरजण नासके असेल तर ते दही वाचून कळत नाही.

६. प्रमाणविचार

न्यायशास्त्र चार प्रमाणे मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. टाइप-चेकर केवळ अनुमान मानतो. पॅकेजव्यवस्था मात्र शब्दावर, म्हणजे आप्तवचनावर चालते. कंट्रोल फाईलमध्ये ‘अमुक लायब्ररी, आवृत्ती अमुक किंवा वरची’ असे लिहिलेले असते. ‘वरची’ म्हणजे अजून न लिहिली गेलेलीही. तिच्याविषयी कोणी काय सिद्ध केले? काहीही नाही. लिहिणाऱ्याला तसे वाटले.

हास्केलच्या पॅकेजांपुरता डेबियनने थोडा बंदोबस्त केला आहे. तेथे लायब्ररीच्या आंतररूपावरून काढलेला हॅश, म्हणजे अंकाक्षरी ठसा, अवलंबनाच्या नावातच गुंफतात. मूल्य नावाच्या पोटात गेले. मार्टिन-लोफ यांना ओळखीचे वाटावे असे हे पॅकेजशास्त्रातले एक दृश्य. परिणामी तळातली एक लायब्ररी केसभर बदलली तरी तिच्यावरचा सारा मनोरा नव्याने बांधावा लागतो. तरीही हॅश ‘तेच आहे’ एवढेच सांगतो. ‘बरोबर आहे’ हे सांगत नाही.

येथे पूर्वपक्षी म्हणतो: मग सगळ्या साखळीचीच सिद्धता का देऊ नये? उत्तरपक्ष असा. सिद्धतेच्या या भाषांनीही शब्दप्रमाणासाठी मागचे दार ठेवलेलेच आहे. आग्दात ‘पॉस्च्युलेट’ लिहून कोणतेही विधान सिद्धतेवाचून गृहीत धरता येते. इड्रिसमध्ये ‘बिलीव्ह मी’ नावाचे फंक्शनच आहे, ते लावले की कंपायलर विचारपूस थांबवतो. आग्दाला ‘सेफ’ हा पर्याय देऊन तिचे दार बंद करता येते. डेबियनला तसला पर्याय दिला तर इन्स्टॉल करण्याजोगे काही शिल्लक राहणार नाही.

कारण साखळीचे शेवटचे टोक फार साधे आहे. पॅकेज सर्व्हरवर चढते ते बांधणाऱ्याच्या डिजिटल सहीनिशी. ती सही ग्राह्य, कारण त्याच्या किल्लीवर आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या. आणि त्या सह्या देण्यापूर्वीची रूढ पद्धत म्हणजे प्रत्यक्ष भेटून एकमेकांची सरकारी ओळखपत्रे पाहणे. न + ० = न हे ज्या भाषेला तोंडी सांगून पटत नाही, ती आपल्या घरी येते एका पासपोर्टच्या फोटोच्या भरवशावर. आणि पासपोर्टचा फोटो व त्याचा मालक यांच्यातली समानता आजवर कोणालाही सिद्ध करता आलेली नाही.

यावरून क्षुल्लक गोष्टींचे स्थान निश्चित होते. दोन स्पेस काहीही सिद्ध करत नाहीत. पण ज्याने तारखेआधीच्या स्पेस मोजल्या त्याने लायसन्सही वाचले असावे आणि विरजणाचा वासही घेतला असावा, असे मानायला जागा होते. सिद्धता जेथे पोचत नाही तेथे टापटीप पाहूनच माणूस आप्त ठरवला जातो.

७. फलश्रुती

जो हा प्रबंध श्रद्धेने वाचील त्याच्या बांधणीत लोकेल सापडेल, त्याचा इपॉक टळेल, आणि लिंटियन त्याच्याविषयी पेडँटिक प्रतीचेही बोलणार नाही. जो संशयाने वाचील त्याने या फलश्रुतीची सिद्धता मागावी. ती ‘पॉस्च्युलेट’ आहे.