असूंद्या सर

धाराशिव जिल्ह्यात तालुके आठ. त्यांतल्या कुठल्याही तहसील कचेरीसमोर उभे राहा, कळंब असो, भूम असो की परंडा, 'असूंद्या सर' भेटणारच. दारावर 'आपले सरकार सेवा केंद्र' ही पाटी, खाली झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, पासपोर्ट फोटो. एमएस-सीआयटीच्या सुरुवातीच्या बॅचमध्ये हे होते, म्हणून 'सर'. त्यानंतर नवं काही शिकावं असं त्यांना वाटलेलं नाही, आणि गावानंही आग्रह धरलेला नाही.

सर दहाला शटर वर करतात, कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळतात आणि बटण दाबतात. मग पडद्यावर एकेक मंडळी उगवू लागते. पहिला मान मोडीत गेलेल्या प्रिंटरचा. तो नाही, पण त्याची शाई संपल्याची सूचना येते. पाठोपाठ दोन अँटीव्हायरस, दोघांचीही मुदत उलटलेली, आणि दुसऱ्याला पहिलाच व्हायरस वाटतो. कधीकाळी कुणी सिनेमा उतरवून घेतला, त्याचं टोरेंट. जगभरातलं स्काइप मे २०२५ मध्ये कायमचं मिटलं. सरांकडे ते रोज उठून बसतं.

बाकावर सातबाऱ्याला आलेले शेतकरी जांभया देतात. 'सर, झालं का?'

'होऊलालंय की! दम धरा.'

'ही नको ती बंद का करत नाही?'

'असूंद्या. आपलं काय खाऊलालंय का ते?'

खातंय ना! चार जीबी रॅम आहे, त्यातलं निम्मं सातबारा उघडायच्या आत फस्त होतं. पण सर माणसांनाही उठवत नाहीत. दहाच्या ठोक्याला फुकट पेपर वाचायला येणारे निवृत्त ग्रामसेवक त्याच बाकावर बारापर्यंत असतात. त्यांचं आणि स्काइपचं सरांच्या लेखी एकच खातं.

ही वस्ती झाली कशी, तर सर काहीही बसवताना फक्त 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करतात. मधल्या पानावर 'कॉम्प्युटर चालू होताच हेही चालू करा' या ओळीपुढं आधीच टिक मारलेली असते. ती वाचायची कुणी? मागं रांग उभी असते.

नवरात्रात तुळजापूरला दर्शनाला आलेला पुण्याचा भाचा हे बघतो आणि त्याच्या अंगात संचार होतो. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडतो, त्यातला 'स्टार्टअप' हा भाग काढतो (विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून तो तिथंच आहे, सरांची गाठ पडलेली नाही), आणि सगळ्यांना 'डिसेबल' करतो. तेवढ्यावर थांबला असता तर त्याचा सत्कार झाला असता. पण भरात तो 'सर्व्हिसेस'मध्येही हात घालतो, नाव ओळखीचं नाही ते बंद करतो आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जातो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू. सर खूश. पीएम किसानच्या केवायसीला आलेली म्हातारी यंत्रावर अंगठा ठेवते, उमटत नाही. पदराला पुसते, डोक्यावरच्या तेलात घासते. 'खुरपून खुरपून झिजला बाई माझा अंगठा,' म्हणून डोळ्याला पदर लावते. अंगठा ठणठणीत असतो. अंगठा घेणाऱ्या यंत्राची आरडी सर्व्हिस भाच्यानं झोपवलेली असते, आणि ती जागी नसेल तर आधारपुढं कुणाचाच अंगठा चालत नाही.

सर मग दिसेल ते सगळं पुन्हा चालू करतात, स्काइपसकट. 'कोण कामाचं, कोण बिनकामाचं, काय म्हाईत? असूंद्या.'

मी यात सरांना निम्मे गुण देतो. भाचा पुण्याला जातो, शिव्या खायला सर उरतात. रांगेला तोंड देणारा माणूस जपूनच हात घालणार. पण 'डिसेबल' केल्यानं काही पुसलं जात नाही, परत चालू करता येतं. एका वेळी एकच बंद करायचं, कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा, स्वतःचा अंगठा लावून बघायचा. उमटला की पुढचं. रविवारी शटर अर्धं ओढून दुपारभरात होईल असं काम आहे. सर ते करीपर्यंत ज्यांना सातबारा हवा आहे, त्यांनी दहाला जाऊ नये, अकराच्या पुढं जावं.