पर्यावरणाचे पंचांग

लग्नाला, मुंजीला आणि वास्तुशांतीला मुहूर्त पाहण्याची चाल आपल्या समाजातून हळूहळू लोपत चालली आहे, असा खेद जुन्या पिढीतील मंडळी वारंवार व्यक्त करतात. परंतु ज्या कुणास नागपूर शहराच्या हद्दीत अथवा सभोवारच्या पंचक्रोशीत साधा दीड हजार फुटांचा प्लॉट विकत घ्यावयाचा असेल, त्याने हा खेद तत्काळ मनातून काढून टाकावा, कारण मुहूर्तशास्त्राचा जो अंमल ज्योतिष्याच्या ओसरीवरून उठला, तो पर्यावरणविषयक कायद्यांनी सन्मानपूर्वक आपल्या दफ्तरात दाखल करून घेतला आहे. जमिनीवर आज काय आहे, हे पाहत बसणारा मनुष्य या व्यवहारात अगदीच अडाणी समजला जातो. त्या जमिनीविषयीचा कागद कोणत्या तारखेचा आहे, हे विचारणारा तेवढा जाणकार.

या शास्त्राचे मूळ पीठ म्हणजे आमच्या विदर्भाचे झुडपी जंगल. मालगुजारीच्या अमदानीत गावची जी जमीन पिकाच्या कामाची नव्हती, जिच्यावर बोरीबाभळीची खुरटी झुडपे माजत आणि जिथे गावकऱ्यांची गुरे चरत, सरपण मिळे, मुरूम निघे, ती जमीन गावाच्या निस्ताराची म्हणून ओळखली जाई. १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आली, जमीन सरकारजमा झाली आणि निस्तारपत्रकात तिच्यासमोर ‘झुडपी जंगल’ अशी नोंद पडली. पुढे १९५६ साली विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला, तेव्हा दफ्तराच्या गाठोड्यांबरोबर ती नोंदही इकडे आली. त्या जमिनीवर झाडे नव्हती, परंतु नोंद होती. आणि आपल्या राज्यकारभाराची रीतच अशी आहे, की झाड एका रात्रीत तोडता येते, नोंद तोडावयास तीन पिढ्या पुरत नाहीत.

अशा स्थितीत २५ ऑक्टोबर १९८० रोजी वनसंवर्धन कायदा अवतरला आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात फर्मावले, की सरकारदप्तरी जी जमीन वन म्हणून नोंदलेली आहे ती, मालक कोणीही असो, वनच समजली जाईल. तोवर या झाडाविण्या अरण्यात वस्त्या, रस्ते, शाळा आणि स्मशाने होऊन चुकली होती. इतकेच नव्हे, तर खुद्द उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची इमारत आणि जुने सचिवालयही याच अरण्यात मोडत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. ऋषिमुनी अरण्यात बसून न्यायनिवाडे करीत, या पुराणोक्तीची अशी दप्तरी सिद्धता अन्य कोणत्याही प्रांताने दिलेली आमच्या ऐकिवात नाही.

अखेर २२ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने या वादाचा निवाडा केला. गवईसाहेब मूळचे अमरावतीचे आणि नागपूर खंडपीठात वकिली केलेले, त्यामुळे झुडूप कशास म्हणतात हे त्यांना दिल्लीत कुणी समजावून सांगावे लागले नाही. निवाड्याचे तात्पर्य असे, की पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील जी ८६,४०९ हेक्टर झुडपी जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य म्हणून राज्य सरकारनेच बाजूला काढली होती, तीसुद्धा वनजमीनच होय. तथापि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी सक्षम अधिकाऱ्याने वाटून दिल्या, त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव धाडावा, आणि त्यांबद्दल भरपाईची झाडे लावण्याचा अथवा रकमा भरण्याचा तगादा लावू नये. त्या तारखेनंतर वाटलेल्या जमिनींच्या बाबतीत मात्र वाटपाची कारणे द्यावीत, आणि हुकूम डावलून वाटप करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई झाल्याची खात्री पटल्यावरच केंद्राने पुढचा विचार करावा. झोपडीत आणि चाळीत आयुष्य काढलेल्या हजारो कुटुंबांचा जीव या निवाड्याने भांड्यात पडला, हे आम्ही मनःपूर्वक मान्य करतो. आमचे कुतूहल निराळेच आहे. एकाच रस्त्यावर भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या दोन गृहस्थांपैकी ज्याचे वाटपपत्र ११ डिसेंबरचे आहे त्याची तुळस अंगणात उगवली असे धरावयाचे, आणि ज्याचे १३ डिसेंबरचे आहे त्याची घोर अरण्यात. शिवाय या दुसऱ्या गृहस्थाने आपले घर सुटावे म्हणून ज्या अधिकाऱ्याच्या पारिपत्याची वाट पाहावयाची, तो अधिकारी एव्हाना निवृत्तिवेतनाच्या शीतल छायेत नातवंडे खेळवीत असावयाचा.

सामान्य ग्राहकापर्यंत हे शास्त्र कसे पोहोचते, ते पाहावयाचे असल्यास एखाद्या रविवारी बेसा-बेलतरोडीच्या पलीकडे जावे. काळ्या मातीत चुन्याच्या रेघा ओढलेल्या असतात, कोपऱ्याकोपऱ्यांवर पांढरे दगड रोवलेले असतात, आणि रंगीत छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला दलाल हातातील नकाशाची सुरळी उलगडीत म्हणतो, “काय पाहून राहिले साहेब? एनए-टीपी झालेलं आहे, आरएल म्हणजे रिलीज लेटर येऊनच राहिलं.” नकाशात जो पट्टा ‘बगीचा’ म्हणून हिरवा रंगविलेला असतो, त्या जागी प्रत्यक्षात एक खोलगट चर दिसतो आणि त्यात गुडघाभर लव्हाळा माजलेला असतो. हा नाला आहे काय, असे भीत भीत विचारले, तर तो चहाचा कप पुढे करून सांगतो, “नाला कुठचा साहेब? फक्त पावसाळ्यात थोडंसं पाणी येते, बाकी आठ महिने काहीच नसते.” वर्षाच्या दोनतृतीयांश काळात ज्याचे अस्तित्व नाही, त्याला अस्तित्व आहे असे मानणे हे बहुमताच्या तत्त्वास सोडून होईल, हा त्याचा युक्तिवाद निरुत्तर करणारा आहे, आणि पांढरपेशा गृहस्थ भविष्यनिर्वाह निधीतील पैसे काढून सौदाचिठ्ठीवर सही करतो.

अशा सह्यांतूनच आमचे अर्धे शहर वाढले. नागपूर सुधार प्रन्यासाच्या परिभाषेत ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ असे अनधिकृत वस्त्यांचे दोन समुदाय आहेत, आणि वस्त्यांच्या जथ्यांना संख्येने हाक मारण्याचा हा प्रघात इतका रूढ आहे, की त्यात कुणास काही वावगे वाटत नाही. त्यांच्या उद्धारार्थ २००१ साली गुंठेवारीचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००१ ही तारीख पुण्यकाल म्हणून मुक्रर झाली. तिच्या आधीचे पाप शुल्क भरून क्षालन करता येईल, नंतरचे नाही. वीस वर्षे लोटली, नंतरचे पाप आधीच्या पापाहून थोर झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पुण्यकाल उचलून ३१ डिसेंबर २०२० वर आणून ठेवला. जो गृहस्थ २००१ च्या तारखेस भिऊन वीस वर्षे भाड्याच्या खोलीत राहिला, तो या हिशेबात निव्वळ मूर्ख ठरला. ज्याने धीर धरून बेकायदा घर बांधले, त्याच्याकडे तारीख आपल्या पायांनी चालत आली.

जलाशयांचे मुहूर्तही पाहण्यासारखे आहेत. फुटाळा तलाव भोसल्यांच्या अमदानीत खोदला गेला, आणि हाच त्याचा अपराध ठरला. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत सिंचनादी प्रयोजनार्थ मनुष्याने निर्मिलेले जलाशय मोडत नाहीत. सबब फुटाळा ही कायद्याच्या अर्थाने पाणथळ जागा नव्हे, असा निर्वाळा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. वाद होता तो तेथील संगीत कारंज्याचा, प्रेक्षकसज्ज्याचा आणि तलावात रोवावयाच्या एका कृत्रिम वटवृक्षाचा. या वटवृक्षाविषयी आम्हांस विशेष ममता वाटते. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वा अधिक वर्षांचे झाड वारसावृक्ष होते, आणि कोणतेही झाड तोडावयाचे तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावी लागतात. खरी झाडे पन्नाशी गाठेपर्यंत रस्तारुंदीकरणाच्या तडाख्यातून वाचतील याची हमी नाही, परंतु ज्याला पाने गळण्याची चिंता नाही असा हा वड निश्चितपणे त्या पदवीस पोहोचेल.

छोट्यांचे मुहूर्त असे, तर थोरांचे किती थोर असावेत! २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामास पर्यावरणखात्याची पूर्वपरवानगी हवी, असे २००६ ची अधिसूचना सांगते. परवानगी घ्यावयाची राहूनच गेली, तर ती मागाहून देण्याची सोय १४ मार्च २०१७ रोजी झाली. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सोय बेकायदा ठरवली. तेव्हा बांधकाम व्यावसायिकांच्या ‘क्रेडाई’ या संघटनेने पुनर्विचाराचा अर्ज केला, आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजी दोनास एक अशा बहुमताने आधीचा निकाल मागे घेण्यात आला. मधले सहा महिने हा बिल्डरांचा चातुर्मास समजावा. आषाढाच्याही आधीपासून विष्णू निद्रिस्त होते, शुभकार्ये खोळंबली होती. कार्तिक संपता संपता एकदाचे जागे झाले.

पाण्याचेही पंचांग सरकारने मांडून ठेवले आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, आणि दोहोंच्या मध्ये बांधावयाचे तर जोते लाल रेषेच्या पातळीच्या वर ४५ सेंटिमीटर, असा त्याचा चोख हिशेब आहे. २०२३ साली २२ सप्टेंबरला घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले. पुरणपोळ्या आणि आंबील जेवून पाहुणेमंडळी पडवीत आडवी झाली, आणि २३ तारखेच्या पहाटे, विसर्जनाचा मुहूर्त उजाडण्यापूर्वीच, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळून अंबाझरी तलाव सांडव्यावरून वाहू लागला. अंबाझरी लेआउटपासून डागा लेआउट आणि कॉर्पोरेशन कॉलनीपर्यंतच्या ज्या घरांत पाणी शिरले, त्यांत मंजूर नकाशांची, रीतसर कर भरणाऱ्यांची घरे होती. सीताबर्डीला मोरभवनच्या स्थानकात एसटीच्या गाड्या बुडाल्या, माणसे दगावली, आणि घरोघरी छातीएवढ्या उंचीवर चिखलाची एक तपकिरी रेघ उमटली, जी निळ्या वा लाल कोणत्याच नकाशात नव्हती. नुकसानीपोटी घरास दहा हजार रुपये जाहीर झाले. सांडव्याच्या तोंडाशी उभारलेल्या स्मारकामुळे पाण्याची वाट अडली काय, हा प्रश्न यथाकाल उच्च न्यायालयात गेला. आणि नाग नदीच्या काठी, तिच्या अंगावर आणि कोठे कोठे तिच्या डोक्यावर, शहराने काय काय रचून ठेवले आहे, याची मोजदाद सुरू झाली. ज्या नगरात ‘नीरी’सारखी पर्यावरण-अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून नांदते आहे, तेथे ही मोजदाद पुरानंतर व्हावी, हा योगही दुर्मीळच म्हणावयाचा.

एवढ्या विवेचनानंतर सरकारच्या चरणी तीन मागण्यांची दरखास्त ठेवून आम्ही विराम घेतो. पहिली, २३ सप्टेंबर २०२३ चा पूर हा कोणत्याही सक्षम प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीवाचून आलेला असल्याने, योग्य ते प्रशमन शुल्क आकारून तो पूर्वलक्षी प्रभावाने नियमित करून घ्यावा. दुसरी, फुटाळ्याच्या कृत्रिम वटवृक्षास जन्मतःच पन्नास वर्षांचा समजावे आणि वारसायादीत त्याचे नाव प्रथम लिहावे. तिसरी मागणी अगदीच किरकोळ आहे: प्रत्येक सातबाऱ्यावर आणि आखीव पत्रिकेवर एक नवा रकाना काढून त्यात एवढेच लिहावे, की पाऊस पडला असता या जमिनीवरचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते. पहिल्या दोन मागण्या मंजूर होतील, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तिसरीला तारीख पडेल.