द्विवचनाची राजधानी

ल्युब्लियानाला चाललोय म्हटल्यावर आत्या काळजीत पडली. म्हणाली, "तिथे लुबाडतात का रे?" शेजारच्या काकांनी तर "हां हां, स्लोव्हाकिया!" म्हणून विषयच मिटवला. स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया वेगळे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा मलाच शंका आली.

लुबाडत वगैरे कुणी नाही. तीन लाखांच्या आसपास वस्ती, आणि गावाच्या मध्यभागी मोटारींना बंदी. ज्येष्ठ मंडळींना न्यायला 'कव्हालीर' नावाच्या विजेच्या छोट्या गाड्या फिरतात, त्याही फुकट. चालकाने माझ्या केसांकडे पाहून गाडी थांबवली. मी बाणेदारपणे चालत राहिलो. बायको बसली.

नदीवर एकमेकांना खेटून तीन पूल आहेत. मूळचा दगडी पूल 1842चा. योझे प्लेचनिक या वास्तुकाराने त्याच्या दोन्ही अंगांना पायी जाणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला, ते काम 1932 साली संपलं. भांडलेल्या जोडप्यासाठी इतकी उत्तम सोय मी अन्यत्र पाहिलेली नाही. ही डावीकडून गेली, मी उजवीकडून, आणि दोघं एकाच चौकात निघालो.

त्या चौकात फ्रान्त्से प्रेशेरेन या कवीचा पुतळा उभा आहे. त्याची नजर समोरच्या एका घराकडे लागलेली; तिथे भिंतीवरच्या खिडकीत त्याची युलिया कोरलेली आहे. तिने त्याला दाद दिली नाही, दुसऱ्याशी लग्न केलं. याच्या पुण्यतिथीला, 8 फेब्रुवारीला, अख्ख्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते. एकतर्फी प्रेमाची एवढी भरपाई दुसऱ्या कुणाला मिळाली असेल असं वाटत नाही.

बिचाऱ्याचं दुःख खरं तर व्याकरणातलं. स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकताना मधल्या 'रामौ'चा उपयोग काय, हे मला कधी कळलं नव्हतं. मराठीने ती भानगड केव्हाच सोडून दिली. इथे मात्र 'आम्ही दोघं'ला वेगळा शब्द, त्याला वेगळं क्रियापद. एक कॉफी 'एना कावा', दोन झाल्या की 'द्वे कावी', तीन झाल्या की 'त्रि कावे'.

नदीकाठच्या टेबलावर बसून, कवीला ऐकू जाईल अशा आवाजात मी "द्वे कावी!" म्हणालो. वेटरला एका दमात समजलं. मी हिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

हिला चहा हवा होता. दोन्ही कॉफ्या मीच प्यायलो.