भांडुपला संपणारा देश

माल्टाला चाललोय म्हटल्यावर सोसायटीतले निम्मे लोक ‘मालदीव ना? मस्त!’ म्हणाले. आम्ही कुणालाच दुरुस्त केलं नाही. मालदीवचा निदान हेवा तरी वाटतो. माल्टा म्हटलं की ‘कुठे आलं हे?’ एवढंच.

तर ते सिसिलीच्या खाली, भर समुद्रात आलं. सगळी बेटं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साधारण निम्मी. मुख्य बेट लांबीला जेमतेम २७ किलोमीटर. सीएसएमटीहून कर्जत लोकल पकडली तर भांडुप येईतो देश संपतो, चौथी सीट मिळायच्या आत. आणि तरीही आमचा हॉटेलवाला पंधरा किलोमीटरवरच्या गावाचं नाव ऐकून म्हणाला, “इतक्या लांब? मग मुक्कामच करा तिथे!” मी जन्माचा डोंबिवलीकर. त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.

देश लहान म्हणून इतिहासही लहान असावा, तर ती सोय नाही. फिनिशियन, रोमन, अरब, सेंट जॉनचे सरदार, नेपोलियन, इंग्रज... भूमध्य समुद्रातून जाणारा जो तो इथे उतरलेला. १५६५ मध्ये ऑटोमनांनी घातलेला वेढा जवळजवळ चार महिने चालून फसला आणि पुढच्याच वर्षी सरदारांनी व्हॅलेटा बांधायला घेतलं. हे सगळं ही मला पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवत होती. मी मान डोलावत होतो, पण वास पस्तित्सीचा येत होता.

पस्तित्सी म्हणजे पापुद्र्यांचा चौकटच्या पत्त्यासारखा तुकडा, आत रिकोटा चीज नाहीतर मऊ शिजवलेले वाटाणे. गरम असतो, स्वस्त असतो आणि खाल्ल्यावर निम्मा शर्टावर असतो. वाटाण्याचे दोन खाऊन त्याच शर्टानिशी मी सेंट जॉन कॅथीड्रलमध्ये कॅराव्हॅज्जोच्या चित्रापुढे उभा राहिलो. संताचा शिरच्छेद, साल १६०८. कॅराव्हॅज्जोने सही केलेलं हे एकमेव चित्र आणि सही कुठे, तर सांडलेल्या रक्तात. पुढे हा गृहस्थ मारामारीपायी तुरुंगात गेला, तिथून पळाला आणि सरदारांनी याच चित्रापुढे सभा भरवून त्याला आपल्यातून काढून टाकलं. ही भारावून बघत होती. “अहो, पापुद्रे झटका आधी,” ती कुजबुजली. मी झटकले. पहारेकऱ्याने पाहिलं. आम्ही दुसऱ्या दालनात गेलो.

जेवणाचा खरा प्रश्न सशाने आणला. वाइन-लसणात शिजवलेला ससा हा इथला मानाचा पदार्थ. सरदारांनी शिकारीवर निर्बंध घातले, म्हणून लोकांनी हट्टाने ससा खाल्ला असं सांगतात. बंड म्हणून हे मला पटलं. पण घरी बोंबील, तिसऱ्या, खेकडे काहीही न सोडणारी ही ताटाकडे बघून म्हणाली, “शर्यतीत हरला तेव्हाच केवढं वाईट वाटलं होतं.” मग तिने फ्तिरा मागवली. टोमॅटो, ट्यूना, केपर आणि ऑलिव्ह भरलेली ही गोल पाव-रोटी २०२० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे तिला तो वारसा धरता आला. सोबत मी किनी घेतलं, कडू संत्र्याचं पेय. पहिल्या घोटाला औषध वाटतं. दुसऱ्या घोटालाही वाटतं, पण तोवर पैसे दिलेले असतात.

गोझो बेटावर जगांतियाची देवळं आहेत, इसवी सनपूर्व ३६०० च्या सुमाराची. पिरॅमिडांच्या आधीची. आमच्या गावचं हेमाडपंती देऊळ किती जुनं हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. माणसापेक्षा उंच दगड, चाकाचा पत्ता नाही, धातूचा पत्ता नाही. मग ते रचले कोणी? गोझोकर सांगतात, एका राक्षसिणीने. ती फक्त फावा बीन्स आणि मध खायची, आणि तान्हं मूल खांद्यावर टाकून तिने शिळेवर शिळा चढवली.

“नवरा काय करत होता?” हिने विचारलं. दंतकथेत त्याला काम नाही.

परतीच्या फेरीवर कळलं की येताना आमच्याकडे तिकीट कुणी का मागितलं नव्हतं. पैसे फक्त गोझोहून निघताना घेतात. मी लगेच हिशेब मांडला, “म्हणजे परत गेलंच नाही तर प्रवास फुकट!”

“मग राहा की इथेच,” ही पर्स उघडत म्हणाली. “बीन्स खा, मध खा, देऊळ बांधा. पोरं तेवढी मी सांभाळली आहेत आधीच.”