अर्थाची पुडी

केट ग्रीनवे नावाच्या इंग्रज चित्रकार बाईंनी १८८४ साली फुलांच्या अर्थांचा एक छोटासा सचित्र कोश काढला. या बाई सांगलीला कधी आल्या नाहीत हे एका अर्थी बरंच झालं. कारण त्यांच्या कोशात आफ्रिकन मेरीगोल्ड, म्हणजे आपला टपोरा झेंडू, याच्यापुढे अर्थ दिला आहे ‘गावंढळ मन’. निशिगंधापुढे लिहिलं आहे ‘धोक्याची मौज’. हा कोश बगलेत मारून कुणी दसऱ्याला सांगलीत फिरलं, तर दारोदारी गावंढळ मनाची तोरणं, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर गावंढळ मनाचा हार, आणि साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत चेअरमनसाहेबांच्या गळ्यात दोन किलो धोक्याची मौज! शेवटच्या अर्थाला काही सभासद हात वर करून अनुमोदनही देतील म्हणा.

फुलांतून बोलण्याचं हे वेड युरोपात नेलं ते लेडी मेरी वॉर्टली मॉन्टेग्यू यांनी. १७१८च्या सुमारास त्या कॉन्स्टँटिनोपलला होत्या. तिथून त्यांनी घरी कळवलं की इकडे शाईला बोटसुद्धा न लावता, नुसत्या फुलाफळांतून प्रेम कळवता येतं आणि भांडताही येतं. पुढे १८१९ साली पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने याच विषयावर पुस्तक आलं (आपल्या लातूरचा काही संबंध नाही), आणि मग असल्या कोशांचं पीकच आलं. मौज अशी, की झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही मुळात मेक्सिकोची. तिकडे झेंडूवर फार मोठी जबाबदारी आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांचे आत्मे घरी येतात, त्यांची वाट चुकू नये म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची रांग घालतात. म्हणजे एकच झेंडू: मेक्सिकोत वाटाड्या, लंडनमध्ये बदनाम आणि मिरजेच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी नुसता भाव खाणारा.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर आली ती भाचीमुळे. साताऱ्याच्या आत्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि भाचीला तिच्यासाठी ‘अर्थपूर्ण’ बुके हवा होता. मोबाईलमध्ये तिच्याकडे अर्थांचा तक्ता होता. पिवळा गुलाब म्हणजे मैत्री, जरबेरा म्हणजे आनंद, शेवंती म्हणजे दीर्घायुष्य. (ग्रीनवेबाईंच्या लेखी पिवळा गुलाब म्हणजे मत्सर आणि प्रेमाला लागलेली ओहोटी. पण मामाने प्रत्येक वेळी बोलायलाच हवं असं नाही.) गणपती पेठेजवळच्या फुलवाल्याला तिने तो तक्ता वाचून दाखवला. त्याने हातातला निशिगंधाचा हार गाठ मारून संपवला, दोरा दाताने तोडला आणि विचारलं,

“ताई, कुणाला द्यायचाय?”

“आत्याआजीला.”

“बरं हाय न्हवं त्यांचं? दवाखान्यात न्हाईत?”

“नाही हो, वाढदिवस आहे.”

“आणि न्यायचाय कशानं? येस्टीनं? मग जरबेरा नको. माना टाकत्यात.”

भाची थोडी हिरमुसली. मला मात्र त्या माणसाने तीन प्रश्नांत सगळं शास्त्र उलगडल्यासारखं वाटलं. आपल्याकडे अर्थ फुलात नसतो. फूल कुणाला, कधी आणि अंगावर नेमकं कुठं, यात तो असतो. निशिगंधाचाच हार घ्या. तोच मंडपात नवरदेवाच्या गळ्यात, तोच सत्कारमूर्तीच्या गळ्यात आणि तोच भिंतीवरच्या फोटोला. जिवंत माणसाच्या गळ्यात चाराच्या जागी चौदा हार घाला, कुणी हरकत घेणार नाही. पण त्याच्या फोटोला एक जरी घातला, तरी घरातली बाई धावत येऊन आधी तो काढेल आणि मग तुमच्याकडे बघेल. हा नियम कुठल्याही कोशात छापलेला नाही, आणि तो मोडलेला मी अजून पाहिलेला नाही.

सत्काराचंही तसंच. हार गळ्यात पडला की सत्कारमूर्तीने तो लगेच उतरवून टेबलावर ठेवायचा. फोटो निघेपर्यंत थांबायचं, त्यापेक्षा जास्त नाही. जो गृहस्थ हार तसाच ठेवून भाषणाला उभा राहतो, त्याच्याविषयी मागच्या रांगेत लगेच कुजबुज सुरू होते. आता तर आमच्या भागात पुढाऱ्यांचे हार क्रेनने येतात आणि पाकळ्या जेसीबीच्या बकेटमधून पडतात. तो हार उतरवून ठेवायचा प्रश्नच येत नाही. गृहस्थ हाराच्या आतून नुसता हात हलवतो आणि तेवढ्यावर भागतं.

देवांच्या आवडीनिवडी तर कुठल्याही फुलवाल्याला तोंडपाठ. गणपतीला तांबडं जास्वंद आणि दूर्वा, पण तुळस नाही. शंकराला बेल आणि धोत्रा, पण केवडा वर्ज्य, कारण ब्रह्मदेवाच्या बाजूने त्याने खोटी साक्ष दिली होती. साक्ष फिरवल्याची शिक्षा इतकी वर्षं भोगणारा केवड्यासारखा दुसरा साक्षीदार नसेल. मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ. कोकणात आणि घाटावरच्याही काही देवळांत देवाला कौल लावतात. मूर्तीला फूल किंवा कळी चिकटवायची आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. मुलीचं स्थळ, विहिरीचं पाणी, भावकीतला वाटा, असले प्रश्न ऐकून घेणारं आणि वर उत्तर देणारं फूल जगाच्या पाठीवर फार ठिकाणी नसावं. व्हिक्टोरियन फुलं नुसती सूचक बोलत. आमचं फूल निकाल देतं.

शेवटी निशिगंधाच्या चार काड्या, पिवळे डच गुलाब, पांढरी शेवंती आणि भोवती जिप्सो असा बुके झाला. वर जाळीचा कागद आणि सोनेरी रिबन. एस्टीत तो भाचीच्या मांडीवर होता. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता एकदा बुकेकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि “साखरपुडा का?” म्हणून विचारलं. कराड येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही.

वाटेत माझ्या डोक्यात सीता घोळत होती. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं आणि मराठी नाटकाचा नारळ फुटला. म्हणजे आपल्या रंगभूमीची सुरुवातच अशा गोष्टीने झाली, जिच्यात सगळा निर्णय एका माळेत आहे. धनुष्य मोडलं ते रामाने, पण प्रसंग पुरा होतो तो माळ गळ्यात पडल्यावर. आणि तीच सीता साताऱ्याला पोचली की वेगळीच भेटते. भाद्रपदात कासच्या पठारावर निळ्या-जांभळ्या इवल्याशा फुलांचा सडा असतो, त्यांना ‘सीतेची आसवं’ म्हणतात. बघणाऱ्याचा जीव हळवा होतो. वनस्पतिशास्त्रवाले मात्र सांगतात की ही वनस्पती मांसाहारी आहे. तिच्या अंगाला बारीक फुग्यांसारख्या पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यांत ओढून घेऊन ती पचवते. इतकं सोसल्यावर सीतेच्या आसवांनी असं काही केलं, तर मला त्यात गैर वाटत नाही.

कासचं पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तिथलं फूल तोडायला बंदी आहे, म्हणून तिथल्या फुलांना ना देव, ना सत्कार, ना लग्न. तरीसुद्धा माणसांनी त्यांच्यावर नावांचं ओझं लादलंच आहे. एकाला आसवं, एकाला कंदील, एका पिवळ्याला तर चक्क मिकी माऊस. तेरड्याचे गालिचे मात्र कोशवाल्यांनाही पटले असते. शेंगेला बोट लागलं की ती फुटते म्हणून त्यांनी तेरड्याला उतावळा ठरवलं. आपण त्याचा रंग तीन दिवसांचा म्हणून त्याच्या चंचलपणावर म्हण केली. आणि एवढं नाव ठेवून झाल्यावर गौरी म्हणून नेमका त्याचाच जुडगा वाजतगाजत घरात आणतो. पाहुणी तीन दिवसांचीच, तेव्हा तीन दिवस टिकणारा रंग पुरे, असा हा रोखठोक हिशोब असावा.

आत्याच्या घरी नुकत्याच गौरी उठल्या होत्या. भाचीने बुके दिला आणि एकेक अर्थ सांगितला. आत्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे पाठांतर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, हे तिच्या अंगवळणी पडलं आहे.

“शेवंती म्हणजे दीर्घायुष्य होय? मग पंचाहत्तरीला कशाला आणलीस? ते पंचविशीत द्यायचं असतं.”

मग तिने पदर खोचला आणि बुकेची रिबन सोडली. रिबन आणि जाळी घडी करून कपाटात गेली. शेवंती देवघरात गेली. पिवळे गुलाब तांब्यात घालून टीव्हीवर. जिप्सो हातात धरून तिने दोनदा उलटसुलट बघितला, “हे कशासाठी?” म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता कुंडीत खत म्हणून टाकला. भाची सगळं बघत उभी होती. एवढा जुळवून आणलेला मजकूर, पण पाच मिनिटांत घरभर त्याच्या ओळी विखुरल्या.

राहिला निशिगंध. आत्याने काड्यांवरची फुलं एकेक करून खुडली, सुई-दोरा मागवला आणि गप्पा मारता मारता गजरा ओवला. चष्मा नव्हता तरी एक फूल इकडचं तिकडे झालं नाही. मग भाचीला पुढ्यात बसवून तो तिच्या केसांत माळला.

“आत्याआजी, आता याचा अर्थ काय?” भाचीने विचारलं.

“अर्थ?” आत्या पिन लावत म्हणाली, “डोक्यात फूल माळून तिन्हीसांजेचं कुणी एस्टीत बसत नाही. तुझ्या मामाला सांग, पिशवी आत ठेव. मी भात जास्तीचा टाकलाय.”