दिल्ली, व्हाया जिंतूर

पूर्णा म्हणजे सगळं पूर्ण, असा कुणाचा समज असेल तर त्यानं एकदा आमच्या गावी उतरावं. पूर्णेच्या नावाचा साखर कारखाना वसमतला. पूर्णा नदीवरचं मोठं धरण येलदरीला. जंक्शन आमचं, पण २००३ मध्ये रेल्वेचा विभाग झाला तेव्हा डीआरएम साहेबांची खुर्ची नांदेडात. तालुका आमचा, मतदारसंघ गंगाखेडचा. आणि खासदार? तो तर परभणीचा.

परभणीच्या खासदाराची एक जुनी रीत होती. शिवसेनेच्या धनुष्यबाणावर निवडून जायचं आणि दिल्लीचं पाणी लागलं की बाण भात्यात ठेवून द्यायचा. २००४ ला निवडून गेलेल्या तुकाराम रेंगेंचं मत २००८ च्या विश्वासदर्शक ठरावाला सेनेच्या बाजूनं पडलंच नाही. पुढं ते काँग्रेसवासी झाले. असं एकापाठोपाठ एक घडत गेल्यानं आम्हीही मत देतानाच ‘हे आता कुठं जाणार?’ असं एकमेकांना विचारायचो.

संजय ऊर्फ बंडू जाधवांनी ही रीत मोडली. २००४ आणि २००९ ला परभणीचे आमदार, २०१४ आणि २०१९ ला खासदार. २०२२ च्या जुलैत सेनेचे बारा खासदार एकनाथ शिंद्यांच्या गाडीत चढले, हे फलाटावरच राहिले. गावाला चुकल्याचुकल्यासारखं झालं. बरं, नावातच बंडू, तरी बंड नाही!

राजीनाम्याचा झटका मात्र त्यांना त्याआधीच येऊन गेला होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा थेट पक्षप्रमुखांकडं धाडला. कशासाठी? कापसाचा भाव? रेल्वे? छे. जिंतूरच्या बाजार समितीवर अशासकीय प्रशासक मंडळ नेमलं गेलं आणि ते राष्ट्रवादीकडं गेलं म्हणून. राज्यात तेव्हा दोन्ही पक्ष एकाच ताटात जेवत होते. वाटी कुणापुढं सरकली, एवढाच प्रश्न. लोकसभा अध्यक्षांकडं जायचा कागद मातोश्रीवर गेल्यामुळं खासदारकी शाबूत राहिली. रेल्वेच्या भाषेत, गाडी रद्द नाही, उशिरानं धावतेय.

लोक हसले. मी नाही हसलो. आडतीवर तुरीचा काटा कुणाच्या माणसाच्या हातात आहे, यावर इकडं पुढारी मोजला जातो; संसदेत कोण किती बोललं, हे हमालाला कोण सांगणार? गावातून वर चढलेला माणूस दिल्लीत पोचला तरी त्याचा एक डोळा खाली मोंढ्यावरच असतो.

२०२४ ला समोर महादेव जानकर आले, शिट्टी घेऊन. आमच्या गावात शिट्टी! स्टेशनच्या टपरीवर रेल्वेतले एक निवृत्त खलाशीकाका बसतात. म्हणाले, “मास्तर, उभा जन्म शिट्ट्या ऐकण्यात गेला. शिट्टी वाजली म्हणून गाडी सुटतेच असं नसतं.” निकाल लागला, जाधवांची मशाल सव्वा लाखावर मतांनी पुढं. काकांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, बोलले काहीच नाहीत.

परवा मी त्यांना सहज विचारलं, “काका, खासदार आपल्या पूर्णेकडं कधी बघतील हो?”

“पूर्णेला बाजार समिती आहे का नाही?”

“आहे की.”

“मग तिच्यावर प्रशासक नेमू द्या.”

समोरून मालगाडी निघाली, न थांबता.